ताईचा अर्धा ग्लास

रविवार, संध्याकाळ. बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितेय. तुमच्या मेसेजना उत्तरं दिली नाहीत, त्याबद्दल माफ करा.

माझी बहीण तहानलेली गेली.

हे वाक्य मी वर्षभर कुणाला म्हटलं नाही. स्वतःलाही नाही. उद्या तिचं वर्षश्राद्ध आहे, म्हणून आज म्हणतेय.

तुमच्यापैकी काहींना ती मॅडम म्हणून माहीत असेल. कॉलेजात ग्रीक तत्त्वज्ञान शिकवायची. माझी ती नुसती ताई.

दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर तिचं डायलिसिस सुरू झालं, बिबवेवाडीत, घराजवळच. तेव्हापासून पाणी मोजून. उन्हाळ्यातसुद्धा. औषधाच्या गोळ्याही ती घोट वाचवून गिळायची.

मी सदाशिव पेठेतून स्कूटरवर जायचे आणि मशीनशेजारी स्टुलावर बसायचे. मग ती मला शिकवायची. मी कॉमर्सची. तिच्या मते ही माझी चूक नव्हती, दुर्दैव होतं.

एकदा तिने एक जुनी ग्रीक गोष्ट सांगितली.

"एक सैनिक लढाईत मरतो. चितेवर ठेवतात तर उठून बसतो, आणि तिकडे काय पाहिलं ते सांगायला लागतो."

"काय असतं तिकडे?"

"आधी न्याय. चांगले वर, वाईट खाली. सगळं भोगून झालं की परत एकत्र येतात आणि पुढचा जन्म ज्याचा त्याने निवडायचा. आणि बजावतात, निवड तुमची, देवाला बोल लावू नका."

"म्हणजे हे दुखणं तू निवडलंस?"

"मी लायब्ररीजवळचं घर मागितलं असणार. किडनीचं खाली बारीक अक्षरात असेल."

पलीकडच्या बेडवरचे काका मोठ्याने हसले.

मग ताई म्हणाली, "हा न्याय मला कधी पटला नाही, मनू. ज्याला दुखतंय त्यालाच सांगायचं, तूच मागितलं होतंस. वर्गात शिकवताना इथे मी नेहमी अडखळते. पण पुढचा भाग आवडतो."

पुढचा भाग असा. जन्माला येण्याआधी सगळे एक रखरखीत मैदान ओलांडतात आणि विस्मरणाच्या नदीपाशी पोचतात. थोडं पाणी प्रत्येकाला प्यावंच लागतं. शहाणे बेताने पितात. बाकीचे घटाघटा पितात आणि सगळं विसरतात.

"तू किती पिणार?" मी विचारलं.

"मी पुण्याची. अर्धा ग्लास."

मग ते आमचं ठरूनच गेलं. हॉटेलात वेटर पाणी ओतायला लागला की ती ग्लासवर हात आडवा धरायची.

"अर्धाच द्या हो. मला हिला विसरायचं नाहीये."

वेटर बिचारा माझ्याकडे बघायचा. मी मेनूकार्डमध्ये तोंड घालायचे.

शेवटच्या दुपारी डॉक्टर म्हणाले, आता पथ्य राहू दे. हवं तेवढं पाणी द्या.

नर्सने ग्लास भरून माझ्या हातात दिला. मी ताईला टेकवून बसवलं. ती प्यायली. डोळे मिटून, सावकाश. तिला पाणी पिताना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

ग्लास निम्मा झाला आणि तिने ओठ मिटून घेतले.

"अगं पी ना. आता चालतंय सगळं."

तिने मान हलवली. माझ्याकडे बघितलं.

"अर्धा," म्हणाली.

नंतर ती फारसं बोलली नाही. दिवेलागणीला गेली.

वर्षभर मी त्या उरलेल्या अर्ध्या ग्लासावर जगले.

नदीवर माझा विश्वास आहे का? नाही. पुनर्जन्मावर? नक्की सांगता येत नाही.

पण आमच्या बिल्डिंगमध्ये एक तान्हं बाळ आहे. लिफ्टमध्ये ते माझ्याकडे टक लावून बघतं, आणि क्षणभर माझ्या मनात येतंच. मला लाज वाटते. तरी येतं.

ऑफिसात कुणी मूर्खासारखं बोललं की अजूनही माझा हात फोनकडे जातो. हे सांगायचं तर तिलाच.

आज दुपारी जिजाजींचा फोन आला.

"मनू, उद्या लवकर ये. तिचं पान तू वाढ."

"हो."

"गुरुजींना विचारलं, तर्पण म्हणजे नेमकं काय हो? म्हणाले, तृप्त करणं." जिजाजी थोडे हसले. "मी म्हटलं, मग हात आखडू नका. पाण्याचे फार हाल झाले तिचे."

मी फोन ठेवला.

इतकी वर्षं तो शब्द ऐकतेय. तर्पण म्हणजे आठवण काढणं, असंच धरून चालले होते. म्हणजे परत माझ्याचबद्दल. तिला मी आठवेन का, हेच वर्षभर विचारत बसले. तिची तहान भागली का, हे एकदाही विचारलं नाही.

तिला ते उरलेलं पाणी हवं होतं. ते तिने माझ्यासाठी सोडलं.

तिकडे न्याय म्हणून काही असेल, तर माझं एवढंच मागणं आहे. त्या नदीपाशी ताईला कुणी मोजून देऊ नये. तिला पोटभर पिऊ दे.

मग ती मला विसरेल.

इथे आधी 'चालेल' असं लिहिलं होतं. खोडलं. चालणार नाही.

तरी पिऊ दे.

ताई, भावपूर्ण वगैरे लिहीत नाही. भाव कमी पडला की लोक त्याला 'पूर्ण' जोडतात, असं तूच म्हणायचीस. नुसता नमस्कार करते.

उद्या: ताईच्या पानाशेजारी पाण्याचं भांडं ठेवायचं. काठोकाठ भरून.