खालच्या खणातली वही

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही — मुलाजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही. आली, आणि दर वेळी मी दुसऱ्या कामाला लागले.

काशीमीऱ्याला आमचं गॅरेज आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. अविनाश तरुणपणी मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचा. त्याची ती निळी गाडी अजून चालू आहे. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत आता दुसरं कुणीतरी तिला पळवतं. नऊ वर्षांपूर्वी तिच्यावर एक फिल्म निघाली — शर्यतींची, आणि ही गाडी मुळात आली कुठून याची. दोघं जण कॅमेरा घेऊन आले, मला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, गाडी बांधली कुणी?

मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने.

तोंडातून निसटलं? असेल. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही.

गाडी बांधली होती चंदू मिस्त्रीने. राजापूरचा माणूस, अविनाशकडे वीस वर्षं कामाला. भंगारातल्या दोन गाड्यांची त्याने एक केली. अविनाश ती पळवायचा, बस्स. अविनाशने स्वतः कधी वेगळं सांगितलं नाही.

आमच्याकडे एक रीत होती. फ्रेमला किंवा इंजिनाला हात लावला की गाडीच्या कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची आणि उमटलेली छाप वहीत चिकटवायची. खाली काम करणाऱ्याने लिहायचं. निळ्या गाडीच्या पानावर मिस्त्रीचं अक्षर आहे — ‘फ्रेम दोन बोटं कापली. इंजिन मी बांधलं.’ त्याखाली अविनाशचं — ‘बरोबर. पडलो तर दोष मिस्त्रीचा.’ आणि सही.

फिल्मवाल्यांनी विचारलं, काही कागद आहे का? मी म्हटलं, पावसाच्या पाण्यात गेलं सगळं. वही माझ्या पाठीमागच्या कपाटात होती, खालच्या खणात. हे निसटलेलं नव्हतं. हे मी विचार करून बोलले.

मीरा रोडच्या एका हॉलमध्ये फिल्म दाखवली. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून, मुलीला घेऊन आला होता. पडद्यावर मी ‘माझ्या नवऱ्याने’ म्हटलं आणि त्या पोरीने वळून बापाकडे पाहिलं. मी त्यांच्या मागच्याच रांगेत होते. तो समोर बघत राहिला. बाहेर पडताना म्हणाला, “छान बोललात, वहिनी.” टोमणा होता का? नव्हता. असता तर सोपं झालं असतं.

आठ दिवसांनी तो गॅरेजवर आला.

“वहिनी, ती छापांची वही कुठे गावते का बघा ना.”

“कशाला आता?”

“पोरगी बोलते, बाबा, एवढी वर्षं आमच्यासमोर नुसती शायनिंग मारलीत.” तो हसला. “एकदा तिला दाखवतो, की लगेच आणून देतो.”

तो त्याच कपाटाला टेकून उभा होता. मी म्हटलं, “पाण्यात गेली हो ती, मिस्त्री.” आणि चहा सांगितला. त्याने तो शेवटपर्यंत प्यायला.

का केलं? अविनाशच्या नावासाठी — असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण अविनाशची तर खाली सही आहे. खरं हे, की पडद्यावरची ती बाई मला आवडली होती. जिच्या नवऱ्याने अशी गाडी बांधली, ती बाई. शर्यतीला गेले की लोक उठून मला खुर्ची द्यायला लागले. मिस्त्रीला तिथे कुणी कधी बोलावलं नाही. मीही नाही.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी स्कूटर दाखवायला आली. भाईंदर पश्चिमेला राहतात ते. बाबा कसे आहेत, मी विचारलं.

“बरे आहेत. हल्ली निळ्या गाडीचं कुणी विचारलं ना, तर सरळ सांगतात — गाडी शेठनीच बांधली, मी नुसता पाने-पक्कड द्यायला होतो.” मग जरा थांबून म्हणाली, “बरोबर ना, काकी?”

कपाट तिच्या उजव्या हाताला होतं.

मी म्हटलं, “बरोबर.”