हँडल आईपाशी

लाँच धुवायची असली की बाबा आधी इंजिनाचं हँडल काढून आईच्या हातात देत, आणि मगच पाण्यात उतरत. या रिवाजात कधी खंड पडला नाही.

आम्ही कळमनुरीकडच्या एका धरणाच्या वसाहतीत राहायचो. साहेबलोकांसाठी ठेवलेली पत्र्याची लाँच बाबा चालवायचे. तिच्या मागच्या बाजूला पाण्याखाली लोखंडी पंखा होता आणि तो इंजिनाला थेट जोडलेला होता. नुसतं हँडल मारलं तरी तो फिरायचा. मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यांचे तुकडे त्यात गुंतायचे, आणि ते सोडवायला बाबांना पात्यांमध्ये बोटं घालावी लागत. म्हणून हँडल आईपाशी.

आई सेनगावकडच्या कोरडवाहू गावातली. आडातल्यापेक्षा जास्त पाणी तिनं लग्नाआधी पाहिलंच नव्हतं, आणि नवऱ्याची नोकरी नेमकी पाण्यावरची निघाली याचा राग तिनं कधी सोडला नाही. दगडी धक्क्यावर पाण्याकडे पाठ करून ती लाँचमधल्या गाद्यांच्या खोळी खंगाळायची. धक्क्यावरून लाँचवर टाकलेल्या फळीवर मात्र तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बाबा चिडवायचे, की राणीसरकारांना फेरी मारून आणू का. ती म्हणायची, लेकरांसाठी एक तरी माणूस जमिनीवर राहू द्या.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. सकाळपासून बाबांनी लाँच विटकरीच्या चुऱ्यानं घासली होती. आता खुरपं घेऊन ते खाली गेले, तळाचं शेवाळ खरवडायला आणि पंखा मोकळा करायला. ते खाली गेले की मीही श्वास धरायचे आणि दरवेळी हरायचे. लाँचच्या पलीकडे, आम्हाला दिसणार नाहीत असे ते वर येत, जोरात श्वास घेत आणि पुन्हा बुडी मारत. त्यांचा तो श्वास कानावर आला की आईचा हात पुन्हा चालू व्हायचा.

तेवढ्यात जीप आली. साहेबांचे साडू आणि सोबत एक दोस्त. साडू म्हणजे बागायतदार असामी, पांढरे कपडे, तोंडात पान. फेरी मारायचीय म्हणाले. मी सांगितलं, बाबा लाँचखाली आहेत, पंखा साफ करताहेत. त्यांनी पाण्याकडे पाहिलं. पाणी अगदी शांत होतं. मग ते हसले. आपल्याकडेही असलंच इंजिन आहे, आपण सुरू करून ठेवतो, गरम होईतो तो येईल वर, असं म्हणत ते फळीवरून आत गेले. थेट जोडलेला पंखा शेतातल्या इंजिनाला कुठून असणार? त्यांना ते ठाऊकच नव्हतं, आणि मी सांगायला लागले तर ऐकून घ्यायला त्यांना सवड नव्हती.

हँडल कुठंय, त्यांनी विचारलं. परक्या पुरुषांपुढे आई बोलत नसे. तिनं नुसती मान हलवली आणि हँडल पदराखाली घेतलं. मला वाटलं, झालं, संपलं. हँडल नाही तर इंजिन कसं लागेल? आईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं पुन्हा खोळ हातात घेतली.

साडू मात्र खाली उतरले आणि काठाकाठानं चालत गेले. थोड्याच अंतरावर एका शेतकऱ्याचं पाणी उपसायचं इंजिन होतं. तिथलं हँडल घेऊन ते परत आले. आमच्या भागात घरोघरी त्याच बनावटीची इंजिनं. कुणाचंही हँडल कुणालाही बसतं. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, बाबांनाही होतं. तरी इतकी वर्षं आम्ही तिघंही त्या एका हँडलावर निर्धास्त होतो.

पलीकडे श्वासाचा आवाज झाला. मी जीव खाऊन बाबांना हाक मारली, पण तोवर ते पुन्हा खाली गेले होते. आत हँडल बसल्याचा खट्ट आवाज आला.

आई माझ्या अंगावरून गेली. फळी हलली, लाँच डुगडुगली. मी पाहिलं तेव्हा आई इंजिनावर ओणवी पडलेली, हँडल दोन्ही हातांनी धरलेलं, डोक्यावरचा पदर खांद्यावर. साडू मागे सरकले. ती म्हणाली, "मालक खाली हायेत. आदी मला उचला, मंग इंजिन लावा."

दोस्तानं साडूंचा दंड धरून त्यांना धक्क्यावर नेलं. आई तशीच पडून राहिली.

मग बाबा वर आले, या बाजूला. हातात जाळ्याचा भला मोठा गुंता. निघालं बघ सगळं, असं म्हणत त्यांनी लाँचची कड धरली आणि म्हणाले, "लाँच काहून हालून राहिली?" मग त्यांना आत आई दिसली. ती काठाशी सरकली. चार लोकांत त्यांच्याकडे मान वर करून न पाहणारी माझी आई, तिनं त्यांचे हात ओढून घेतले आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. बाबांना काही कळेना. मी रडत रडत सगळं सांगितलं.

आली तशी फळीवरून परत जाणं तिला जमेना. पाय पुढे टाकायची आणि मागे घ्यायची. शेवटी बाबांच्या गळ्यात हात टाकून ती पाण्यातून काठाला आली, आणि धक्क्यावर बसली. मांडीवर दोन हँडलं, आपलं आणि शेतकऱ्याचं.

पाहुणे जीपपाशी थांबले होते. बाबांनी अंग पुसलं, सदरा घातला आणि फेरीला निघायचं म्हणून हँडलासाठी आईपुढे हात केला. नोकरीचा प्रश्न होता. आईनं हँडलं पदरात गुंडाळली.

"पाहुण्यांना काय सांगू मी?" बाबांनी हळूच विचारलं.

"सांगा, बायको देईना म्हनून."

बाबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग जीपपर्यंत गेले आणि तेवढंच सांगून आले.