टेकचंदभाऊंचं कोडं

लाखनीच्या चहाटपरीवर टेकचंदभाऊ रोज पेपरातलं अवघड शब्दकोडं सोडवत. उत्तर कसं निघालं, हे चारचौघांना समजावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. शेजारच्या भूपेंद्रला तर त्यांनी नऊ वर्षं हाताला धरून शिकवलं. आता त्या पेपरातली कोडी भूपेंद्रच रचतो.

रविवारी त्याची मुलाखत छापून आली. टेकचंदभाऊंनी तिच्यात आपलं नाव दोनदा शोधलं. ‘मी एकट्यानंच शिकलो,’ एवढंच होतं.

टपरीवाल्या मोनूनं विचारलं, “भाऊ, आजचं आडवं सात समजावा न.”

“मले काहून पुसून राहिला? ज्यानं बनवलं त्याले पुस.”

“तो तुमचाच चेला न, भाऊ?”

“पेपरात तसं नाई लिवलं.”

उत्तर त्यांना केव्हाच सुचलं होतं. ते न सांगताच भाऊ उठले.