खिडकीतला कूलर आणि मुद्दा क्रमांक पाच

वर्ध्याच्या नालवाडीतल्या त्या घरात मी पंधरा वर्षं भाड्याने राहिले आणि घरमालकीणबाईंशी माझं एकही दिवस पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी आम्ही गळ्यात गळे घालू अशी आशा कोणी धरून बसणार नाही.

घराची रचना अशी होती. पुढे त्यांच्या खोल्या, मध्ये फरशीचं अंगण, मागे आमच्या दोन खोल्या. त्यांच्या बैठकीची खिडकी अंगणात उघडायची आणि आमची खिडकी बरोबर तिच्यासमोर. दोन्ही खिडक्यांच्या गजांना बांधलेली कपडे वाळत घालायची तार अंगणावरून गेली होती. ती तारही बाईंचीच. आमचे कपडे त्यांचे वाळून झाल्यावर. अंतर अकरा पावलं. मी मोजलं होतं, कारण मी बहुतेक गोष्टी मोजते आणि वहीत लिहून ठेवते. घर घेताना बाईंनी घातलेल्या अटीही माझ्या वहीत आहेत. पहिली अट, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आमचं कॅलेंडर पंधरा वर्षं दाराच्या कडीला लटकत होतं.

फोन त्यांच्या बैठकीत होता. नव्वदच्या दशकात आमच्यासारख्या भाडेकरूंचे फोन मालकाकडेच यायचे. आमचा फोन आला की बाई खिडकीतून हाक मारत आणि मी बोलत असेपर्यंत समोरच्या दिवाणावर बसून राहत. मी तेव्हा समुद्रपूरच्या एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवत असे. रोज एसटीने जायचं, एसटीने यायचं. एका वर्षी वर्ध्यातच एका शाळेत जागा निघाली. मुलाखतीचा निरोप फोनवर येणार होता आणि मी बाईंना तसं आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. निरोप आला नाही. शेवटी त्या शाळेत स्वतः गेले. कारकून म्हणाला, रविवारी सकाळी फोन केला होता, मॅडम घरी नाहीत असं सांगितलं. त्या रविवारी सकाळी मी अंगणातच चादरी पिळत होते. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या की असा फोन आलाच नाही. पुढची बारा वर्षं मी समुद्रपूरची एसटी धरली.

घर का बदललं नाही, असं लोक विचारतात. नवरा आष्टीला बँकेत होता, शनिवारी यायचा, आणि त्याची वर्ध्याला बदली दर वर्षी 'या वर्षी नक्की' होत होती. स्वतःचा फोन का घेतला नाही, तर आमच्या गल्लीच्या टेलिफोनच्या डब्यात तारांची जोडी शिल्लक नव्हती. लाइनमनचं हे उत्तर माझ्या वहीत चार वेळा आहे.

दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा मला पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं. शाळेच्या मुलांसाठी ते संगणकावर गणिताचे धडे तयार करत होते. मी घरी बसून प्रश्न काढायचे आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, व्हिडिओवर त्यांच्यासमोर एखादं गणित सोडवून दाखवायचं. त्यावरून ते धडा बसवत. लॅपटॉप त्यांनीच पाठवला. मे अखेरपर्यंत चाचणी आणि मग पक्कं काम. मी शाळेचा राजीनामा दिला. कमरेने तो आधीच दिला होता.

आता इंटरनेट. ते फोनच्या तारेवरूनच येणार आणि तार बाईंच्या बैठकीत. बिल आम्ही भरणार या बोलीवर त्या तयार झाल्या, पण नव्या अटींसह. मोडेम बैठकीतच राहील. भिंतीला भोक पाडायचं नाही. अंगणातून वायर ओढायची नाही. म्हणून अँटेनावाला मोडेम घेतला, वाय-फायचा, आणि तो फोनशेजारी ठेवला. जानेवारी ते मार्च काही अडलं नाही. दोन्ही खिडक्या उघड्या ठेवल्या की लॅपटॉपवर सिग्नलच्या चार कांड्या दिसायच्या. सकाळ-संध्याकाळ लोडशेडिंग असायचं म्हणून व्हिडिओची वेळ मी दुपारी दोनची मागून घेतली होती.

एप्रिलमध्ये बिघडलं. दोन वाजता चार कांड्यांच्या जागी एक दिसायची, कधी तीही नाही. माझा आवाज तुटायचा, चित्र थिजायचं. खडू वर उचललेला हात तसाच पुण्यातल्या पडद्यावर पाच-पाच मिनिटं राहायचा. तिथल्या मॅडम सभ्य होत्या. पहिल्या आठवड्यात म्हणाल्या, बघा काय होतंय ते. तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "ताई, तुमचे प्रश्न चांगले आहेत, पण तुम्ही आम्हाला दिसतच नाही." मेअखेरच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर पूर्ण धडा घ्यायचा होता. तो तुटला तर काम पुण्यातल्याच कोणाला तरी देणार, हेही त्यांनी त्याच सभ्य आवाजात सांगितलं. समुद्रपूरची जागा तोवर भरली गेली होती. परत जायला एसटी होती, शाळा नव्हती.

मी वहीचं एक पान आखलं. तारीख, वेळ, कांड्या, काय बदललं. मोडेमची अँटेना उभी केली, आडवी केली. मोडेम फोनशेजारून काढून कपाटावर ठेवायला लावला. त्यासाठी बाईंकडून दोन दिवस टोमणे ऐकले. बाईंचा बिनतारी रिसीव्हर मोडेमपासून लांब ठेवा असं पुण्याच्या कंपनीतल्या संगणक बघणाऱ्या माणसाने सांगितलं, तर बाईंनी तो लांब ठेवला आणि फोन आला की हातात घेऊन मोडेमजवळच येऊन बोलू लागल्या. लॅपटॉपवर आपोआप होणारे सगळे उद्योग बंद केले. माझं टेबल सरकवून खिडकीला लावलं. मोडेममागे स्टीलची परात उभी करून बघायची होती, म्हणजे लहर आमच्याकडे वळली असती. बाई म्हणाल्या, "देवघर आहे का ते, परात ठेवाले?" कांडी एकच राहिली.

पान भरल्यावर मी ते वाचलं. सकाळी लोडशेडिंग संपल्या संपल्या एखाद-दुसरी कांडी जास्त, दुपारी दोनला सगळ्यात वाईट. मला त्यात एकच अर्थ दिसला. माझ्या कामाची वेळ बाईंना ठाऊक होती आणि फोनच्या बाबतीत त्यांचा इतिहास मला ठाऊक होता. मी स्वच्छ अक्षरात एक कागद लिहिला. सात मुद्दे. पहिला वर्ध्याच्या शाळेचा तो फोन. मग कपड्यांची तार, नळाची वेळ, पाहुण्यांच्या चपला. पाचवा असा: 'तुम्ही दुपारी मुद्दाम मोडेमचं बटण बंद-चालू करता.' सहा आणि सात किरकोळ होते. खाली सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

संध्याकाळपर्यंत तो गल्लीत तीन ओट्यांवर वाचून झाला होता. दुसऱ्या दिवशी मी पाणी भरत असताना बाई दारात आल्या.

"मी त्या डबड्याले हात लावला असन तर माहा हात झडो," त्या म्हणाल्या. "फडक्यानं पुसते, तेबी लांबून. आन् तुमी लिहून देता? सही करून?"

मी म्हणाले की मी जे लिहिते ते सही करूनच लिहिते.

"बरं आहे. ठेवते मी जपून."

त्यानंतर आमचं बोलणं बंद. मंगळवारचा व्हिडिओ चौथ्या मिनिटाला तुटला, शुक्रवारचा दुसऱ्या.

मेच्या मध्यावर एका सकाळी अंगणात खडखडाट झाला म्हणून बघितलं, तर दोन हमाल बैठकीच्या खिडकीतला कूलर उतरवून अंगणात ठेवत होते. वाळ्याच्या ताट्या सडल्या होत्या, त्या बदलायच्या होत्या. माझी वही टेबलावर उघडीच होती आणि लॅपटॉप सुरू. सवयीने बघितलं. चार कांड्या.

मी तिथेच उभी राहिले. दोन तासांनी नव्या ताट्या बसल्या, कूलर खिडकीत चढला, टाकीत पाइप सोडला. टाकी भरता भरता तीन कांड्या झाल्या, दोन झाल्या, एक. मी मागची पानं चाळली. घरखर्चाच्या वहीत दुसऱ्याच कारणाने लिहिलं होतं: 'मालकांचा कूलर लागला, आता रात्रभर घरघर.' तारीख तीच, ज्या दिवशी पहिल्यांदा चित्र थिजलं. पत्र्याची भलीमोठी पेटी, आत काठोकाठ पाणी, तीन बाजूंनी ओल्या ताट्या, आणि ही सगळी माझ्या मोडेमच्या आणि लॅपटॉपच्या बरोबर मध्ये. पुण्याच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, पत्रा आणि पाणी, दोन्हीतून ती लहर जात नाही. सकाळी टाकी रिकामी असायची म्हणून एखादी कांडी जास्त. दुपारी दोनला बाई टाकी काठापर्यंत भरायच्या, कारण मालक जेवून दिवाणावर आडवे व्हायचे.

मालकांचं सांगायला हवं. साठी ओलांडलेले, मोंढ्यातलं धान्याचं दुकान मुलावर सोपवलेलं. आदल्या उन्हाळ्यात त्यांना ऊन लागलं होतं आणि आठवडाभर दवाखान्यात होते. तो कूलर हलणार नव्हता आणि हलवा म्हणायची माझीही हिंमत नव्हती. मग उरली वायर. मोडेमपासून खिडकीच्या गजातून बाहेर, बाईंच्या कपड्यांच्या तारेला बांधून अंगणावरून आमच्या खिडकीत. खिळा नाही, भोक नाही. नवऱ्याने शनिवारी आष्टीहून येताना वर्धा स्टेशनजवळच्या दुकानातून वीस मीटर वायर आणली आणि ती माझ्या हातात देऊन म्हणाला, विचारायचं काम तुझं. कागद तू दिलास.

शेवटच्या शुक्रवारला सहा दिवस उरले होते. मी रविवारी सकाळी अकरा पावलं चालून गेले. बाई तांदूळ निवडत होत्या. मालक दिवाणावर, अंगावर ओला पंचा.

"काऊन आल्या? अजून काही लिहाचं राह्यलं का?"

मी सांगितलं की कारण सापडलं, कूलर आहे. त्यांनी कूलरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माणसं झाले, आता कूलरबी चोर झाला का?" त्या म्हणाल्या. "मंग काढू त्याले? तुमच्या हवेतल्या तारेसाठी आमच्या माणसानं उकडून मरावं?"

मी म्हणाले, काढू नका. मी वायरीचं सांगितलं, कपड्यांच्या तारेचं सांगितलं. पक्कं सांगितलं की पावसाळा लागला की उतरवून घेईन. माझ्या कामाचं मात्र मी सांगितलं नाही. ते त्यांना ठाऊक होतं, गल्लीला ठाऊक होतं.

बाई उठल्या, टीव्हीखालचा खण उघडला आणि माझा कागद काढला. चार घड्या, पण एकही सुरकुती नाही. त्यांनी तो दिवाणाच्या कडेला पसरला आणि पाचव्या मुद्द्यावर बोट ठेवलं.

"हे खोडा. आन् बाजूले सही करा. मंग पायजे तेवढी वायर बांधा."

"देऊन टाक ना तार," मालक डोळे मिटूनच म्हणाले. "मले झोपू द्या दोघी."

"तुमी झोपा," बाई म्हणाल्या. "माह्या नावानं खोटं लिहिलं आहे. गल्लीत दाखवाचं आहे मले."

मुद्दा पाच चुकीचा होता. चुकीचं असेल ते खोडायला मला हरकत नाही, शाळेत मुलांसमोर फळ्यावर कितीदा खोडलं आहे. पण त्या घरात, त्या बाईसमोर, उभं राहून ती एक रेघ ओढायला मला जितकं जड गेलं तितकं काहीच गेलं नव्हतं. ओढली. सही केली. क्षमा मागितली नाही, त्यांनीही ती मागितली नव्हती. मग पेन हातात होतंच, म्हणून मी कागदावर वर गेले आणि पहिल्या मुद्द्यावर टोक टेकवलं.

"हाही खोडू का?"

कूलरची मोटर सुरू होती, त्याचा आवाज मोठा होता. बाईंनी तांदळाचं ताट पुढे ओढलं.

"वायर बांधाची तर बांधा लवकर," त्या म्हणाल्या. "कपडे वाळू घालाचे आहेत माहे."

मी पेन बंद केलं.

वायर दुपारच्या आत लागली. शुक्रवारी दोन वाजता मी अपूर्णांकांचा पूर्ण धडा घेतला, पन्नास मिनिटं. चित्र एकदाही थिजलं नाही. मधेच पुण्याच्या मॅडमनी विचारलं, ताई, तिकडे पाऊस लागला का, केवढा आवाज येतोय. मेच्या अखेरीला, वर्ध्यात. मी म्हणाले, कूलर आहे, मालकांचा. संध्याकाळी पक्क्या कामाचा निरोप माझ्या मोबाइलवर आला. तो कोणाच्या बैठकीतून आला नाही.

बाईंनी पुढे दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी त्या तारेवर ओल्या चादरी आणि सतरंज्या टाकायला सुरुवात केली. तार वाकायची, वायर ताणली जायची. मी वायरीला दोन्ही टोकांना हातभर ढील ठेवून घेतली आणि वहीत तसं लिहिलं. कामाला धक्का लागला नाही.

मूळ कागद त्यांच्याकडेच राहिला. माझ्याकडे नक्कल आहे, त्याच दिवशी केलेली. पाचव्या मुद्द्यावर आडवी रेघ आणि बाजूला माझी सही. पहिला मुद्दा जसा होता तसा आहे. त्यांनी तो खोडायला सांगितला नाही.