भरल्या होडीचा पंखा

आमच्या होडीच्या इंजिनाचा, पाण्यात फिरून होडी ढकलणारा पंखा मी निवडला. कुणी विचारलं तर सांगते, नाही विचारलं तरी सांगते. ज्याला ही बढाई वाटेल त्याला खुशाल वाटो.

येलदरी धरणाचं पाणी जिंतूर तालुक्यात जिथवर पसरतं, त्याच्या काठावर माझं सासर. घरचा धंदा मासेमारीचा. सासरे, नवरा आणि दीर जाळी टाकतात, आणि जाळ्यातून मासे सोडवायला मी सोबत असते. जन्मभर वल्हं मारून सासऱ्यांचा उजवा खांदा निकामी होत आला होता. डॉक्टरांनी वल्हं बंद करा म्हणून सांगितलं, तर सासरे त्यांनाच म्हणाले, "मग होडी तुमी वल्हवता का?" ज्याची होडी त्यानं वल्हवावी, हा त्यांचा हेका. म्हणून मी नवऱ्याच्या मागं लागून होडीच्या मागच्या फळीला बसवायचं लहान इंजिन आणायला लावलं.

पहिल्या दिवशी नारळ फोडला आणि दीर एकटाच रिकामी होडी घेऊन निघाला. होडी अशी सुटली की काठावरची माणसं शिट्ट्या मारायला लागली. भावजींची छाती फुगली. कामाच्या दिवशी मात्र चौघं माणसं, ओली जाळी, बर्फाची पेटी आणि कटला-रोहूचे क्रेट चढले, आणि त्याच इंजिनाचा घसा बसला. वेगाची मूठ पूर्ण पिळली तरी ते नुसतं कण्हायचं आणि तापायचं. समोरून वारा आला की आम्ही जागच्या जागी. काठाला लागेपर्यंत व्यापाऱ्याचा टेम्पो निघून गेलेला असायचा आणि मासे मिळेल त्या भावात द्यावे लागायचे.

शेवटी सासरे म्हणाले, "पोळ्यापस्तोर बघा. न्हाई जमलं तर हे लोखंड देऊन टाका. माझी वल्ही अजून मोडली न्हाईत."

वल्ही शाबूत होती, खांदा नव्हता. मला राग आला तो याचाच. इंजिन परत गेलं असतं तर ते दुसऱ्याच दिवशी वल्हं हातात घेऊन बसले असते.

सल्ले द्यायला गाव कधीच कमी पडत नाही. कुणी म्हणे इंजिनच मोठं घ्या, कुणी म्हणे मोठ्या आकड्याचा पंखा लावा, जोर वाढेल. नवऱ्यालाही ते पटायला लागलं होतं. मी इंजिन वर उचलून पंखा जवळून पाहिला. त्याच्यावर दोन आकडे कोरलेले होते. पहिला पंख्याच्या रुंदीचा, हे मोजून कळलं. दुसऱ्याचं इंजिन विकणाऱ्या दुकानदाराला फोन करून विचारलं. पंखा एका फेरीत किती पुढं सरकायला बघतो, त्याचा तो आकडा, लाकडात स्क्रू शिरतो तसा. आमच्या पंख्याचा दुसरा आकडा बराच मोठा होता.

पुढचं मला कुणी सांगावं लागलं नाही. माझं माहेर बोरीचं, वडील ट्रॅक्टर चालवायचे. भरलेली ट्रॉली चिखलातून काढताना त्यांनी वरचा गिअर टाकलेला मी कधी पाहिला नाही. आम्ही मात्र भरलेली होडी वरच्या गिअरमध्ये ओढत होतो आणि दोष इंजिनाला देत होतो.

दुकानदाराकडून पाहायला म्हणून आम्ही आणखी दोन पंखे आणले, रुंदी तीच, पण दुसरा आकडा लहान. एकाची पाती जरा सपाट, दुसऱ्याची त्याहून सपाट. भावजी लगेच रिकामी होडी पाण्यात ढकलायला लागले. मी म्हटलं, "थांबा. बैल घेताना रिकाम्या गाडीला जुंपून बघता का?"

क्रेटमध्ये दगड भरले, जाळी भिजवून टाकली, आणि सासऱ्यांनाही बसवलं. ते नाइलाजानं बसले. "आता सून मला वजन म्हनून वापरायलीय," एवढं बोलले.

जुना पंखा लावून वाऱ्याच्या तोंडावर गेलो. तेच कण्हणं. नट सोडवून मधला पंखा चढवला आणि तीच वाट धरली. इंजिनाचा आवाज मोकळा झाला, होडीनं पाणी मागं टाकायला सुरुवात केली. नवरा माझ्याकडं बघून हसला. मग त्याला वाटलं, जितका सपाट तितका चांगला असेल. तिसराही लावला. इंजिन नुसतं किंचाळायला लागलं, आणि होडीचं चालणं काही वाढलं नाही.

"मधलाच," मी म्हटलं.

रिकामी होडी मधल्या पंख्यावर पहिल्याइतकी पळत नाही, हे भावजींनी नंतर करून पाहिलंच. तोंड लहान करून म्हणाले, "वैनी, माजी मजा गेली." मी म्हटलं, मजा करायची तर जिंतूरच्या जत्रेत जा, इथं आपण मासे आणायला जातो.

खरा कस कामाच्या दिवशी लागणार होता. जाळी चांगली भरली होती आणि परत येताना वारा तोंडावरच होता. नवरा मागं इंजिन धरून बसलेला, मी मासे निवडत होते. अर्ध्या पाण्यात माझं लक्ष सासऱ्यांकडं गेलं. जाळ्याच्या ढिगावर डोकं टेकून ते चक्क घोरत होते. पाण्यावर त्यांना झोपलेलं घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं, सासूबाईंनीसुद्धा नाही.

काठ आला. टेम्पो उभा होता. नवरा त्यांना हाक मारायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला. क्रेट आम्ही तिघांनी उतरवले. व्यापारी घाई करत होता, त्यालाही मी हळू बोलायला लावलं.