स्वागताध्यक्ष

आमच्या काकांचा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा आणि वेड हौशी रेडिओचं, म्हणजे घरच्या संचावरून दूरदूरच्या माणसांशी बोलण्याचं. दुकानामागच्या खोलीत एका बाजूला उघडी पडलेली मशिनं, दुसऱ्या बाजूला रेडिओचा संच आणि वर गच्चीत एरियलची तार. त्या तारेवर काकू ओले टॉवेल टाकतात, म्हणून दोघांची कायमची धुसफूस.

गावातल्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात काकांना सगळे ‘स्वागताध्यक्ष’ म्हणतात. हे पद त्यांना कुणी दिलेलं नाही. नवा माणूस दारात दिसला की काका त्याचा ताबा घेतात. एरियल किती उंच हवं इथून सुरुवात होते आणि चहा येईपर्यंत गाडी सूर्यावरच्या डागांवर पोचते. बिचारा आधी घड्याळाकडे बघतो, मग दाराकडे, आणि पुन्हा कधी फिरकत नाही. शेवटी क्लब चालवणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी बजावलं, "या नव्या ग्रंथपाल बाई टिकल्या नाहीत, तर यापुढे स्वागत मी करणार."

"हा काय स्वागत करणार? लोकांना आ करायला लावून?" काका घरी येऊन चिडले, पण चेहरा पार उतरला होता.

ग्रंथपाल बाई साठीला टेकलेल्या. नवरा गेल्यापासून घर फार शांत झालंय म्हणून आले, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं. परीक्षा पास झाल्या, परवाना आला, छोटा संच घेतला. रविवारी सकाळी त्या पहिली हाक देणार आणि काका उत्तर देणार, असं ठरलं. डॉक्टरांची अट एकच: दोन वाक्यं बोला आणि बटण सोडा. बटण दाबलेलं असेपर्यंत आपला आवाज जातो, समोरच्याचा येत नाही. नवशिक्यांना हे शिकवतात कोण, तर आमचे काका!

रविवारी बाईंचा आवाज आला, वाचनालयात बोलतात तसा दबका. काकांनी बटण दाबलं.

"आलात, बाई! स्वागत आहे!"

इथे थांबायचं होतं. मी खुणा करकरून थकलो. काकांना आनंदाचं भरतं आलेलं. आवाज स्वच्छ येतोय म्हणजे एरियल बरोबर बसलंय, आणि एरियल बरोबर बसलंय म्हणजे... अंगठा बटणावर, नजर छताकडे. सूर्यावरचे डाग जवळ आले तशा काकू आतून आल्या आणि मुकाट्याने भिंतीवरचा स्विच बंद केला.

"अगं, माझं वाक्य अर्धं राहिलं!"

"त्या बाईंचं तर सुरूच झालं नाही."

काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. "गेल्या या पण," ते पुटपुटले. मला त्यांची खरंच दया आली. मी स्विच चालू केला. संच खरखरला आणि बाईंचा आवाज आला, चांगला मोठा.

"काका, बरे आहात ना? काका, बोला हो! आमचे हेसुद्धा असेच बोलता बोलता गप्प झाले. मी स्वयंपाकघरात होते, मला वाटलं डोळा लागला असेल. कुणीतरी जाऊन बघा हो त्यांच्याकडे!"

काकू मटकन स्टुलावर बसल्या. काकांनी बटण दाबलं.

"आहे, बाई. ठणठणीत आहे. आमच्या हिने स्विच बंद केला होता." आणि बटण सोडलं.

बाई आधी रडल्या, मग हसल्या, मग नवऱ्याबद्दल बोलू लागल्या. बराच वेळ बोलल्या. काकांनी मध्ये एकदाही बटणाला हात लावला नाही.