व्याह्यांची मुंगी

आमच्या व्याह्यांसारखा पारखी माणूस अहेरीपासून वडशापर्यंत दुसरा झाला नाही, हे मी चौथी नापास माणूस छातीठोक लिहून देतो. तांदूळ घ्यायचा तर आधी दाणा दाढेखाली फोडत, मडकं घ्यायचं तर कानाशी धरून वाजवत. माझ्या लेकीला पाहायला आले तेव्हा आधी आमच्या विहिरीचं पाणी मागितलं, त्यात डाळ शिजवायला लावली आणि डाळ गळाल्यावर म्हणाले, ‘इवाई, पाणी चांगलं हाय. आता पोरीले बोलवा.’ मी तेव्हाच रागानं उठून जाणार होतो. पण घर माझंच, जाऊ कुठं?

अशा माणसानं वडशाच्या बाजारात एका फिरत्या विकणाऱ्याकडून अंगठ्याएवढा पिवळा मणी मात्र न पारखता घेतला. आत एक मुंगी होती, एक पाय उचललेली, जशी आत्ताच घरून निघाली. ‘झाडाची राळ गळली, हे फसली, आन राळेचा दगड झाला. करोड वर्साची मुंगी हाय!’ विकणाऱ्यानं सांगितलं ते व्याही गावभर सांगत फिरले. घोंगडीवर मणी घासायचे, भुशाजवळ धरायचे. भुसा टपकन चिकटला की मूठभर मांस चढायचं. लेकीकडे गेलो की मला आधी मुंगी पाहावी लागे, मग ताट मिळे.

एकदा मी चिडून म्हटलं, ‘पाणी पारखता, डाळ पारखता, हे काऊन नाई पारखत? भेव वाटते का?’

त्र्याऐंशी साल असेल. सिरोंच्याकडे दगड झालेली झाडं पाहायला निघालेले एक भूगर्भवाले साहेब गावात मुक्कामी होते. व्याही उठले आणि मणी घेऊन थेट त्यांच्यासमोर. सारं गाव गोळा झालं. साहेबांनी मण्यावर स्पिरिटचा थेंब टाकला, बोट टेकवलं. बोट चिकटलं.

‘राळ खरी आहे, मुंगीही खरी आहे,’ साहेब म्हणाले. ‘पण जुनी मुरलेली राळ अशी चिकटत नाही. ही काही शे वर्षांची, फार तर काही हजार. करोड नाही.’

लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. व्याह्यांनी मणी धोतराला पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टोपी घालून निघाले. ज्याला ज्याला करोड सांगितले, त्याच्या दारात जाऊन शब्द परत घ्यायचा.

‘जय भीम, बाई. मुंगी करोड वर्साची नाई. म्या न पारखता सांगतलं.’

‘मंग आमी काय करू आता, भाऊ?’ बाई अंगण सारवता सारवता म्हणाली.

मी आयुष्यात कुणाजवळ, बायकोजवळसुद्धा, ‘चुकलो’ म्हटलेलं नाही. तरी मी त्यांच्या मागं मागं का चाललो होतो, मलाच कळेना. पाचव्या दारी त्यांचा आवाज बसला. मग मीच पुढं झालो, ‘इवायानं मुंगी पारखून आणली. खरी निघाली!’

मागून माझी बाही ओढली गेली. ‘वर्साचं बी सांगा, इवाई.’

तेही सांगावं लागलं.

व्याही आता नाहीत. मणी लेकीच्या पेटीत असतो. आलेले पाहुणे तो उजेडाकडे धरतात आणि मला विचारतात, किती वर्षांची हो? करोड म्हणावंसं लई वाटते. तोंडापर्यंत येते. मग सांगतो, काही शे, फार तर काही हजार.